टिल्लीचं उत्तर

१४ जून

चि. बापूस,
अ. उ. आ.

तुझी लेक रुळली. पहिल्या रात्री उशी भिजवली, दुसऱ्या रात्री माझं पांघरूण ओढून घेतलं, म्हणजे आता घरचीच झाली.

तिच्या शाळेने तिला मठ्ठ ठरवलं, तर मी तिला वठणीवर कशी आणणार, असं तू विचारतोस. वठणीवर आणायला ती काय वाकडी सळई आहे? माझ्या चौथीच्या वर्गात दोनच नियम. प्रश्न विचारला की कुणी हात वर करायचा नाही, ज्याला विचारलं त्याला लागेल तेवढा वेळ द्यायचा. आणि फळ्यावरचं चुकलेलं पुसायचं नाही, गाडी कुठे घसरली ते सापडेपर्यंत तसंच ठेवायचं. टिल्ली मंद नाही रे, घाईत बोलत नाही एवढंच. काल म्हणाली, की शून्य म्हणजे काहीच नाही तर ते लिहायचं कशाला. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. तू तर नाहीच. तू नुसती शून्यं आणायचास.

सगळ्यांना आशीर्वाद. या थोरलीवर माया असू दे.

ताई


३ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझी शून्यं काढल्याबद्दल आभार. पत्र हिनेच आधी फोडलं, आता रोज ऐकतो आहे.

तुझे नियम ऐकायला छान वाटतात. पण बँकेत खिडकीपुढे रांग लागते तेव्हा मला कुणी लागेल तेवढा वेळ देत नाही. हिला झोप लागत नाही. पोर मागे पडली तर पुढे तिचं कसं व्हायचं, हाच घोर. पाढे पाठ झाले का, तेवढं स्पष्ट कळव.

चिडू नकोस. लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

बापू


२० सप्टेंबर

चि. बापूस,
अ. उ. आ.

दुसरीकडून कळण्याआधी मीच लिहिते. सोमवारी शाळा तपासायला साहेब आले. मुख्याध्यापकांनी आदल्या दिवशीच मला बजावलं होतं, की कच्ची पोरं मागच्या खोलीत नकाशांची धूळ झटकायला पाठवा. त्यांत टिल्लीही होती. मी म्हटलं, माझी मुलं आपापल्या जागी बसतील.

साहेबांनी नेमकं तिलाच उठवलं. दोन तृतीयांश मोठं की तीन चतुर्थांश, असं विचारलं. ती फळ्यापाशी गेली आणि दोन तृतीयांश मोठं म्हणाली, कारण तिसरा हिस्सा चौथ्या हिश्शापेक्षा मोठा असतो. वर्गात कुणी हसलं नाही. मग तिने सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या काढल्या आणि एकेक भाग पाडायला लागली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, की बाई, इथे उत्तर यायला संध्याकाळ होईल. आणि निघाले. ते जिन्यापर्यंत पोचले नसतील, तोच तिने बरोबर उत्तर सांगितलं, का तेही सांगितलं. ऐकायला आम्हीच होतो.

दुसऱ्या दिवशी माझा वर्ग काढून घेतला. आता मी सामानाच्या खोलीत खडू मोजते.

टिल्ली बरी आहे. तिच्यासाठी तरी राग धरू नकोस.

ताई


२७ सप्टेंबर

ती. ताईस,
नमस्कार.

मुख्याध्यापकांनी मला सगळं कळवलं आहे. तुला हट्ट करायचा होता, तर स्वतःच्या जिवावर करायचास. तुझ्या तत्त्वांसाठी माझी मुलगी परक्या माणसासमोर उभी केलीस. ते ऐकून हिने इकडे दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. रविवारी येतो, तिचे कपडे भरून ठेव.

बापू


५ ऑक्टोबर

चि. बापूस,
आशीर्वाद.

तू उंबऱ्यातच उभा राहिलास, पाणीसुद्धा घेतलं नाहीस, म्हणून राहिलेलं लिहिते. टिल्लीला पुढे मी केलं नव्हतं, फक्त लपवलं नव्हतं. निघताना तिने तुला विचारलं, की मी चुकले म्हणून मला नेता का. तू बॅगेचा पट्टा आवळत राहिलास. मी बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून गप्प राहिले. ते माझं चुकलं.

पत्र पाठव. नुसतं कुशल लिहिलंस तरी चालेल.

ताई


११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

झालं गेलं विसर. टिल्ली तोंडी परीक्षेच्या स्पर्धेत पहिली आली! नवे सर उत्तरं छापूनच देतात, मुलं पाठ करतात. हातात छडी असते, पण मारत नाहीत, नुसती टेबलावर वाजवतात. प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर तयार. भलतंसलतं विचारायची खोडही गेली. नखं मात्र रक्त येईपर्यंत कुरतडते. डॉक्टर म्हणाले, वयाचं असतं, मलम दिलंय.

सोबत तिचंही पत्र आहे. पूर्वीसारखा लोभ असू दे.

बापू


तीर्थरूप आत्याबाई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आम्ही सर्व येथे कुशल आहोत. आपली खुशाली कळवावी. माझा अभ्यास उत्तम चालला आहे. मला वेळेचे महत्त्व पटले आहे. थोरांचे आशीर्वाद हीच माझी शिदोरी होय.

आपली आज्ञाधारक,
इयत्ता चौथी, तुकडी अ


२ एप्रिल

चि. बापूस,
अ. उ. आ.

दोन्ही पत्रं मिळाली. टिल्लीचं पुन्हा पुन्हा वाचलं. ती माझ्याकडे राहून गेली, हे त्यात कुठे सापडलं नाही. कुणाच्याही आत्याला पाठवलं असतंत तरी चाललं असतं. सर हुशार आहेत, मानलं पाहिजे. एवढ्याशा पोरीतून इतकं काढून घेणं मला जन्मात जमलं नसतं.

मी नोकरी सोडलेली नाही. सामानाच्या खोलीची भिंत चौथीला लागून आहे. सगळा वर्ग एका सुरात उत्तरं देतो, ती दिवसभर कानांवर पडतात.

टिल्लीला लिहायला बसले होते. मग वाटलं, तिला त्यालाही उत्तर लिहावं लागेल, आणि ते आधी सर तपासतील. कागद ठेवून दिला.

माझ्यावर नसला तरी चालेल, बापू. तिच्यावर लोभ असू द्या.

ताई