शेंगा फोडायचं यंत्र आणि भावजींच्या चपला

दि. ३ एप्रिल

चि. ठोक्यास अनेक उ. आ.

तुझं पत्र पोचलं. वेल्डिंगचं सामान विकून गोदामात देखरेखीची नोकरी धरणार, हे वाचून आईला हायसं वाटलं. पोरगा आता कुठे भाजून घेणार नाही, म्हणाली. मला मात्र मुळीच बरं वाटलं नाही. घरातली कुलपं, कड्या, माझी शिवणाची पेटीसुद्धा ठोकून ठोकून ज्याने हे नाव कमावलं, तो खुर्चीवर बसून पोती मोजणार?

असो, तुझ्या सासऱ्यांनी शब्द टाकलाय, तर मी कोण बोलणार. पण जाता जाता माझं एक काम कर. बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा फोडून फोडून माझा अंगठा असा सुजलाय की पेला धरवत नाही. शेजारची शिंपीणबाई मदतीला येते, तर तिच्या बोटांनी आता सुई धरवेना. शेंगा फोडायचं काहीतरी करून दे. दाणा मात्र अख्खा राहिला पाहिजे. फुटका पेरला तर उगवत नाही. पेरणीच्या आत सगळं फोडून झालं पाहिजे.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. माया आहेच, पण काम झालं तर जास्त करीन.

तुझी ताई


दि. १४ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

यंत्र टेम्पोने पाठवलं आहे. कुणाच्या तरी जुन्या फाटकाचे गज वाकवून खाली पाळण्यासारखी जाळी केली आहे, आणि वर लोखंडी फळी. दांडा धरून पुढेमागे हलवायचा. शेंगा मध्ये रगडल्या जातात आणि दाणे जाळीतून खाली पडतात. निदान पडायला हवेत. मी जरा जोरात हलवलं तर ते वर गेले. तुझी भावजय अजून माळ्यावरून दाणे वेचते आहे. काल चहाच्या आधणात दोन निघाले, तेव्हा तिने माझ्याकडे नुसतं बघितलं.

सासऱ्यांना यातलं काही कळवलेलं नाही. गोदामाच्या मालकांना महिनाअखेर भेटायचं आहे. तेव्हा हे माझं शेवटचं ठोकणं समज. चाललं नाही तर कळव, पण हळू शब्दांत.

आईला नमस्कार. अंगठ्याची काळजी घे आणि माझ्यावर फार रागावू नकोस.

ठोक्या


दि. २२ एप्रिल

चि. ठोक्यास अनेक उ. आ.

हळू शब्दांत सांगते: तुझ्या यंत्राने पीठ पाडलं. एक दाणा धड निघाला नाही. जमलेल्या बायका माझं मन राखायला छान आहे, छान आहे म्हणत होत्या. मला रडू येत होतं.

तेवढ्यात शिंपीणबाई उठायला गेली आणि तिचा पाय एका शेंगेवर पडला. तिने पाय उचलला तर टरफल उघडलेलं आणि दोन्ही दाणे जसेच्या तसे. आम्ही सगळ्याजणी तिच्या पायाकडे बघत राहिलो. बिचारी घाबरली, तिला वाटलं विंचू आहे. मग माझ्या लक्षात आलं की पायात रबरी चप्पल होती.

घरात सगळ्यात जाड रबर तुझ्या भावजींच्या नव्या चपलांना. ते झोपले होते. आम्ही तळ कापले, फळीला बोल्टने आवळले, फळी बोटभर वर घेतली आणि दांडा हलवला. ठोक्या, दाणे नुसते ओतले रे खाली. अख्खे, गुलाबी. बारक्या शेंगा तशाच खाली येतात, पण त्या वेगळ्या काढून जरा फळी उतरवली की त्याही फुटतात. आई आधी लांबून बघत होती, मग दांडा धरून बसली ती उठेचना. शेवटी तिला चहाची लालूच दाखवून उठवलं. बियाणं सगळं फोडून झालं.

तुझे भावजी अनवाणी हिंडताहेत आणि विचारताहेत की कुत्र्याने दोन्ही कशा नेल्या. कुत्र्यावर आळ घेतल्याचं मला वाईट वाटतंय.

नोकरीवर जाण्याआधी हे तुला कळावं म्हणून घाईने लिहिलं. आठवण ठेव.

तुझी ताई


दि. ३० एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

आधी बसून घे, आणि मग मी काय करून बसलोय ते वाच.

आज इस्त्रीचा सदरा घालून गोदामात गेलो. दारातच शेंगांचा हा ढीग, आणि माणसं काठ्यांनी बडवताहेत. निम्मे दाणे फुटत होते, मालक कपाळाला हात लावून उभे. त्यांनी मला विचारलं, कामावर कधीपासून येताय?

मी म्हणालो, "येत नाही. शेंगा फोडायचं यंत्र करून देतो."

खरं सांगतो, हे कोण बोललं ते मला बाहेर आल्यावर कळलं. मालक आधी हसले, मग कुणाचं ते न सांगता तुझ्या पत्रातली चपलांची गोष्ट वाचून दाखवली तेव्हा कुत्र्यापाशी फारच हसले, आणि दोन यंत्रं सांगितली. सासरे माझ्याशी बोलत नाहीत. बायको बोलते आहे. माळा तिने स्वतः रिकामा करून दिला, सामान ठेवायला.

आता अडचण. फळी किती वर घ्यायची, रबर किती आवळायचं, यातलं मला काही कळत नाही, ते सगळं तुझ्या हाताला ठाऊक. मालकांनी खोदून विचारलं तेव्हा मी सांगून बसलो की आमचे मोठे कारागीर बाहेरगावी आहेत, येत्या आठवड्यात येतील. ते मोठे कारागीर म्हणजे तू. भावजींची परवानगी मिळेल ना? मी त्यांना नव्या चपला घेतो.

वाट बघतोय, अगदी दारात उभा राहून.

ठोक्या


दि. ४ मे

चि. ठोक्यास अनेक उ. आ.

यांना विचारलं. जा म्हणाले, स्वयंपाकाचं मी बघतो. आणि लगेच मीठ कुठे असतं ते विचारलं. सगळं सांगून ठेवलंय. आईही यायची म्हणते. दांडा तिच्याशिवाय कुणाला नीट हलवता येत नाही, असं तिचं म्हणणं आहे. पहिल्या यंत्रावर पहिली ती बसणार, हे मालकांना आधीच सांगून ठेव.

गुरुवारच्या गाडीने येतो. स्टँडवर ये, आणि मालकांसमोर मला ताई म्हणून हाक मारू नकोस.

माया होतीच, आता मानही ठेवावा ही विनंती.

मोठे कारागीर