जाजमाचा तुकडा सोबत आहे

दि. १४ नोव्हेंबर, सकाळी

तीर्थरूप आईस,

उंडगीचा वाकून नमस्कार. राहते त्या गाडीचं छत ठेंगणं आहे, त्यामुळे हल्ली मी सगळंच वाकून करते.

मी बरी आहे. वेळेवर जेवते. खोकला गेला. दादाला सांग, टायर नवे घातलेत, आता त्याने स्वतःच्या पोटाची काळजी करावी. पाकीट जड का लागतंय ते शेवटी सांगते, आधी उघडून चाचपू नकोस. (चाचपलंसच.)

ज्या मैदानात गाडी लावली आहे तिथे एक कुत्रा आहे. तो फक्त पांढऱ्या गाड्यांवर भुंकतो. आपली पांढरीच. हे काही सांगायचं नव्हतं, पण आता लिहून झालं.

जाजम कसं झालं विचारतेस. अगदी मापात बसलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कुठे फट म्हणून नाही. त्यात जोडलेले बाबांचे सगळे शर्ट ओळखले मी. तो निळ्या चौकडीचा, खिशासकट, तू मुद्दाम शेगडीसमोर येईल असा शिवलास ना? मी तिथेच उभी असते म्हणून. कळलं मला.

गॅसचं म्हणशील तर तुझ्यापेक्षा काटकसर करते. पातेल्यावर झाकण, पातेलं जाळापेक्षा लहान नाही, पाणी एकदाच उकळून थर्मासमध्ये. तू गप्पा मारत चहा उकळतेस तेवढ्या जाळावर माझा भात होतो. प्रोपेनची टाकी बाहेरच्या कप्प्यात, उभी, पट्ट्याने बांधलेली. गाडी हलवायच्या आधी तिचा कॉक बंद. शेगडी पेटली की खिडकी उघडी, मग बाहेर कितीही गारठा असो. ऊब हवी तर स्वेटर घालते, शेगडी पेटवून बसत नाही. बाबांनी सांगितलेलं सगळं पाळते.

म्हणजे एक सोडून.

तू लिहिलंयस की आता दाराच्या फटीला आणि छताच्या झरोक्यालाही कापूस भरून गाद्या शिवायला घेतल्यास. आई, मशीन थांबव. मी हे पत्र त्यासाठीच लिहितेय, कुत्र्यासाठी नाही.

गाडी बांधताना बाबांनी शेगडीसमोर जमिनीला एक भोक पाडलं होतं. वाटीएवढं, वर जाळी. तू या गाडीत कधी पाऊल ठेवलं नाहीस, म्हणून तुला माहीत नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो आणि त्या भोकातून बाहेर पडतो. पण त्याच भोकातून वारा येऊन माझे पाय गोठायचे. तू मापं मागितलीस तेव्हा मी लांबी सांगितली, रुंदी सांगितली, भोक सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर "जमिनीला भोकं असलेल्या गाडीत राहतेस?" म्हणून तू फोनवरच रडली असतीस. जाजम आलं, मी अंथरलं, पाय गरम झाले. खूश.

परवा सकाळी चहा ठेवायला काडी हातात घेतली आणि जमिनीजवळचा, गॅस गळला की वाजणारा भोंगा बोंबलायला लागला. तो माझ्या केसांच्या फवाऱ्यालाही बोंबलतो, म्हणून त्याचं तोंड बंद करायला खाली वाकले. उभी होते तोवर काही नव्हतं. वाकल्यावर भपकारा आला, नासक्या अंड्यांचा. काडी ओढली नाही. दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. दार उघडं टाकून बाहेर, टाकीचा कॉक बंद, आणि अनवाणी मैदानाच्या टोकापर्यंत.

शेजारच्या गाडीतला सुतार दात घासत होता. म्हणाला, "तोंड धुवायला निघालीस की पळून चाललीस?"

मी मूठ उघडून त्याला दाखवली. आत काडी तशीच होती.

वास पार गेल्यावर आम्ही कॉक जरासा उघडून नळीच्या जोडांना साबणाचं पाणी लावलं. शेगडीमागच्या जोडाला फेस फुगला. खडबडीत रस्त्याने तो सैल झाला होता. गॅसवाल्याला बोलावून नळी बदलून घेतली, त्याने पुन्हा तपासून दिलं, मगच शेगडी पेटवली. सुतार म्हणाला, "आईला कळवू नकोस हं, गाडी जाईल."

खरंय त्याचं. गाडी तुझ्या नावावर आहे आणि आपलं ठरलंय, काही वेडंवाकडं झालं की दादा येऊन ती घेऊन जाणार. झालंय वेडंवाकडं. मी सांगितलंय. कारण तुझ्या त्या गाद्या इथे पोचल्या असत्या, मी गारठ्याने मुकाट्याने लावल्या असत्या, आणि मग तुला कळवायला सुतार उरला असता.

पण मी परत येणार नाही. दादा आला तर त्याला चहा पाजेन आणि रिकाम्या हाताने पाठवेन. घर सोडलं तेव्हा मला शेगडीही पेटवता येत नव्हती. परवा मला काय करायचं ते ठाऊक होतं. या गाडीतच शिकले.

आणि हो, जाजम कापलंय. भोकावर बरोबर बाबांचा खिसा आला होता. तरी कात्री लावली. माफी मागत नाही. त्यांचं भोक त्यांच्याच शर्टाने बुजलं होतं.

तो तुकडा पाकिटात आहे, खिसा अख्खा. ठिगळ म्हणून परत शिवून पाठवू नकोस. खिशात गाडीची दुसरी किल्ली आहे. ती दादाला द्यायची नाही, तुझी आहे. गाडी न्यायचीच असेल तर तू स्वतः ये, एकदा आत बस, भोकावर हात धरून बघ वारा कसा येतो. मग काय ते बोलू.

मोजे मात्र पाठव. जाड.

पाय गारठलेली, हट्टी आणि जिवंत,
तुझीच
उंडगी