दोन बोटांचा ब्रेक

३ मार्च
मामाच्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक बोंबलतो खूप, धरत काहीच नाही. उतारावर टपालपेटीपाशी दाबला, गाडी पूल ओलांडून थांबली. दोन वर्षं मामा गाडीवर बसलेला नाही. विचारलं तर म्हणे, ब्रेकला दम नाही.
‘पेटीपाशी दाबून पुलाच्या अलीकडे थांबवलीस तर गाडी तुझी. जा कुठं जायचं तिकडं. नाहीतर महिनाअखेर भंगारात.’
मामी आतून – ‘भटकभवानीला आणखी चाकं द्या!’
मला घाट ओलांडून पलीकडे जायचंय. पलीकडे काय आहे ते माहीत नाही, म्हणूनच.

४ मार्च
चाक काढलं. मधोमध डब्यासारखा ड्रम, त्याच्या आत दोन अर्धचंद्र शू, त्यांना चिकटलेलं लायनर, म्हणजे घासणारी पट्टी. लिव्हर दाबला की शू फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. एवढंच? मी काहीतरी गूढ समजत होते.
लायनरवर खडूच्या रेघा ओढल्या, चाक बसवून जरा ब्रेक लावत फिरवलं, परत उघडलं. खडू पुसलाय फक्त टोकाला, नखाएवढा. बाकी रेघा जशाच्या तशा. म्हणजे एवढी जड गाडी, वर मी, आणि थांबवणार नखाएवढी जागा.
हेडलाइटच्या आत कोळ्याचं घर सापडलं. ते बघण्यात दुपार गेली.

६ मार्च
लायनर पॉलिश पेपरवर घासून बघितलं. आता खडू दोन ठिकाणी पुसला जातो. पण लिव्हर हाताखाली धडधडतो. ड्रमच वाकडा असणार. लेथवर नेते, कातून गोल करायला.

७ मार्च
शहाणपणा केला. पूर्ण चाक बसमध्ये कोण नेणार, म्हणून सगळे स्पोक सोडवले आणि नुसता ड्रम पिशवीत घालून गेले. लेथवाले काका बघतच राहिले.
‘चाक उसवलंस? अगं, स्पोक ताणले की ड्रम त्यांच्या ओढीनं वाकतो. सुटा गोल करून दिला तर घरी जाऊन परत अंडं होईल. जोडून आण.’
मग चहा पाजला. वर म्हणाले, ‘ही चूक मीही केलीय. पण मी नोकरीला होतो, मला पगार मिळाला.’

८ मार्च
छत्तीस स्पोक. चार उरले.

९ मार्च
परत उसवलं. आता एकही उरला नाही.

११ मार्च
अख्खं चाक लेथवर फिरताना पाहिलं. ड्रमच्या आतून लोखंडाचे बारीक कुरळे केस निघत होते. शूंवर जाड लायनर लावून तेही त्याच मापाला कातले. मी इतके प्रश्न विचारले की काका म्हणाले, ‘उद्यापासून कामाला ये, निदान तोंड बंद राहील.’ क्षणभर खरंच विचार केला.

१२ मार्च
सगळं बसवलं, तरी लिव्हर लिबलिबीत. मामा खुर्चीतून उठून आला – इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ‘चाकाचा एक्सल आवळायच्या आधी ब्रेक गच्च दाबून धर. शू आपापली जागा घेतात. मगच आवळ.’
माझे दोन्ही हात पान्यावर होते, म्हणून लिव्हर त्यानंच धरायला घेतला. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोनच बोटं वळली. बाकीची दोन सरळ, काठीसारखी. शेवटी त्यानं डाव्या हातानं दाबला.
मामीला विचारलं. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणात गेली म्हणे बोटं. ‘कुणाला सांगायचं नाही म्हणाला. ब्रेकवर ढकललं सगळं.’

१४ मार्च
पुलाच्या अलीकडे थांबली. चांगली दहा पावलं अलीकडे! तीनदा केलं, तिन्ही वेळा. मामा कठड्याला टेकून बघत होता.
‘किती बोटं लावलीस?’
‘दोन.’
‘परत दाखव.’
परत दाखवलं. किल्ली त्यानं माझ्या हातात ठेवली, शब्दाला जागला. मीच ती घरी येऊन खुंटीला लावली. उद्या उजाडलं की निघायचं. पिशवी बांधून झाली.

१५ मार्च
उठले तर गाडी नाही. मामाही नाही. मामी ओट्यापाशी उभी, डोळे पुसत हसत होती. ‘घाटापर्यंत जाऊन येतो म्हणाला. तुला सांग म्हणाला, गाडी चोरलीय.’
पिशवी सोडली. लेथवाल्या काकांकडे जाते, कामाला.