गुलाबी गाडीत कोणी चढलं नाही

जळगाव, मंगळवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. चाळीसगावकडच्या गावांत एका रुग्णालयासाठी आम्ही स्तनांच्या कर्करोगाच्या मोफत तपासणीची मोहीम केली. एकही बाई आली नाही. आणि मोहिमेचे प्रमुख, आमचे वैभव सर, अहवालात लिहायला सांगतात, 'ग्रामीण महिलांत जागरूकतेचा अभाव.'

आखणीआधीच मी म्हटलं होतं, आधी बायकांशी बोलून येऊ द्या. सर हसले. "खानदेश काय मला नवीन आहे?" मग ती गुलाबी गाडी काढली, दोन्ही बाजूंना हातभर अक्षरांत 'कर्करोग', वर भोंगा, आणि उभी केली थेट चावडीसमोर.

काल मी आपणहून त्यातल्या एका गावात गेले. तिथल्या सुमनअक्का ओट्यावर बसून म्हणाल्या, "त्या गाडीमा चढनू ते बठ्ठं गाव देखी. मंग मनी पोरनं लगन कसं जमी?" गाडीत चढताना सगळ्या गावाने पाहिलं तर मुलीचं लग्न अडेल, ही भीती. मग आत नेऊन त्यांनी माझा हात स्वतःच्या काखेत ठेवला. गाठ होती.

अभाव कोणाचा मग? विचारायचा कंटाळा आम्हाला, आणि अडाणी त्या?

आज बैठकीत रुग्णालयाच्या डॉक्टरबाईंना मी अक्कांचं बोलणं सरांसमोरच सांगितलं. बाई सरांकडे वळल्या. "हे आधी का नाही विचारलंत?" नंतर सर मला म्हणाले, "माझी इज्जत घालवलीस." घालवली असेल.

बाईंनी ती गुलाबी गाडी बंद करायला लावली. उद्या मी अक्कांना साध्या एसटीने धुळ्याला तपासायला नेणार आहे. बहिणीकडे जाते, असं त्यांनी घरी सांगितलंय.