पाच आठवड्यांची पानं

बेंगळूरु,
६ ऑक्टोबर २०२४

ती. आप्पांस सौम्याचा शि. सा. नमस्कार.

फोनवर मी ओरडते, तुम्ही भलतंच ऐकता आणि काकी मधे पडून दोघांनाही गप्प करते. तेव्हा पत्रच बरं. माझ्या गैरहजेरीत माकडांची वही लिहायला थोरल्या चुलत्यानं, तेही सेवानिवृत्त मास्तरानं, होकार द्यावा याचं इथं सगळ्यांना नवल वाटतंय.

पुन्हा एकदा सांगते. माझी हिरवी टोपी घालून देवळाच्या कट्ट्यावर बसायचं आणि दोनदा खाकरायचं. तीन वर्षांत त्यांना ती खूण पटली आहे, आपणहून जवळ येतील. खायला काही द्यायचं नाही. कोण कुणाच्या उवा काढतं आणि मग भांडणात कोण कुणाच्या बाजूनं उभं राहतं, एवढंच, घड्याळातली वेळ टाकून, लिहायचं. उवा काढणाऱ्याला पुढं मदत मिळते का, हाच माझा सगळा प्रबंध. जानेवारीत तो द्यायचा आहे आणि या हिवाळ्याच्या नोंदी तेवढ्या कमी पडतायत. माकडांचं वळण तपासू नका आणि त्यांना गुणही देऊ नका.

माया आहेच, ती टपालानंही येऊ द्या.

आपली,
सौम्या

---

हरणमाळ (ता. खानापूर),
२३ ऑक्टोबर २०२४

चि. सौम्यास अनेक आशीर्वाद.

आजवरची पानं सोबत आहेत. टोळीतल्या थोरलीला मी मास्तरीण म्हणतो, कारण ती नुसती बघते आणि बाकीची जागा सोडतात. काल तिनं आपल्या बहिणीकडून, म्हणजे कानफाटीकडून, सव्वा तास उवा काढून घेतल्या आणि लगेच एका शेंगेवरून तिलाच चावली. मला भयंकर राग आला. पण तुझा हुकूम म्हणून नुसतं लिहून ठेवलं. माझ्या वर्गात असती तर अंगठे धरून उभी केली असती.

भरमाचा अर्धा भुईमूग त्यांनी उपटला. भेटला की सुनावतो, व्हय मास्तर, तुमच्या पोरीनं माकडांची भीती घालवली, आता हाकललं तरी हलत न्हाईत. परवा त्याच्या आईला हातावर चावलं, सुया घ्याव्या लागल्या. गावात बैठका चालल्या आहेत. तू त्याची काळजी करू नको. काकी विचारते, पोरीला तिथं भाकरी मिळती का न्हाय, लई वाळली असंल.

आठवण काढतेस, तशीच काढत जा.

तुझा,
आप्पा

---

हरणमाळ,
९ डिसेंबर २०२४

चि. सौम्यास आशीर्वाद.

मागची पानं पोचली असतील. पुढच्या पाच आठवड्यांची एकदम पाठवतो, उशीर झाला. टोळी मजेत आहे. भांडण नाही, तंटा नाही. मास्तरीण सगळ्यांना सांभाळून घेते. थंडी बरीच आहे. गावात विशेष काही नाही. प्रबंध वेळेवर दे.

आप्पा

---

बेंगळूरु,
१८ डिसेंबर २०२४

ती. आप्पांस सौम्याचा नमस्कार.

पानं मिळाली. तीनदा वाचली. पस्तीस दिवसांत एकही चावा नाही. रोज सगळी सगळ्यांच्या उवा काढतात, त्याही सारखाच वेळ. बारा नोव्हेंबरला मास्तरीण हातातला पेरू अर्धा करून कानफाटीला देते. आप्पा, तीन वर्षांत तिनं कुणाला पेरूची बी दिलेली मी पाहिली नाही. तुमची माकडं दुसरीच्या पुस्तकातल्या मुलांसारखी वागायला लागली आहेत.

ही पानं प्रबंधात गेली आणि खोटी निघाली, तर माझं तीन वर्षांचं काम कुणी खरं मानणार नाही. मी रागावत नाही. फक्त विचारते, की हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे का. जे असेल ते लिहा, पण लवकर लिहा.

सौम्या

---

हरणमाळ,
२६ डिसेंबर २०२४

चि. सौम्यास आशीर्वाद.

नाही पाहिलं. टोळी तीन नोव्हेंबरपासून गावात नाही.

गावानं माकडं धरणारा माणूस आणला. खोलीएवढा पिंजरा लावला, केळी ठेवली. तीन दिवस एकही आत गेलं नाही. मग सगळे घरी आले. मास्तर, तुमाला ती भीत न्हाईत, तुमी बसा, असं म्हणाले. भरमाची आईही हाताला पट्टी बांधून आली होती. लांब जंगलात सोडणार, तिथं ती सुखी राहतील, असं त्यांनी सांगितलं आणि मला ते पटलं. मी तुझी टोपी घातली, पिंजऱ्याच्या आत मागल्या अंगाला बसलो आणि दोनदा खाकरलो.

बारातली अकरा आली. मी मागच्या झडपेतून बाहेर पडलो, ती लावली आणि पुढचं दार पाडलं. मास्तरीण बाहेर राहिली होती. ती पळाली नाही. चार वीस ते सहा दहा ती गजांपाशी बसून होती. कानफाटीनं हात बाहेर काढला, तो तिनं धरला आणि दुसऱ्या हातानं तिच्या मानेच्या उवा काढल्या. मग त्यांनी धाकटा पिंजरा तिच्याजवळ उघडा ठेवला. कुणी हाकललं नाही. ती आपली आपण चालत आत गेली. टेंपो घाटात कुठं गेला ते मला कुणी सांगितलं नाही. दोन पिंजरे एकाच जागी सोडले का, तेही माहीत नाही.

त्या दिवसाचं पान मी लिहिलं होतं, पाठवायला धीर झाला नाही. पुढचे दिवस कोरे राहिले तर तुझा जानेवारी जाईल, म्हणून मनानं लिहीत गेलो. टोपी घालून रिकाम्या कट्ट्यावर बसूनच लिहायचो. काकी रोज म्हणायची, पोरीला सांगा. तेव्हापासून जेवतो, झोपतो, पण काही वाटत म्हणून नाही. ते एक पान सोबत ठेवलं आहे. तेवढं चालेल का?

आप्पा

---

बेंगळूरु,
४ जानेवारी २०२५

ती. आप्पांस सौम्याचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचलं. मग डबा खाल्ला, कपडे वाळत घातले. राग येईल म्हणून वाट पाहिली, तो आला नाही. रडूही आलं नाही. माझ्या मार्गदर्शक बाईंना सगळं खरं सांगितलं. पाच आठवडे वहीतून काढून टाकले. प्रबंध वर्षभर पुढं गेला. दुसऱ्या एखाद्या टोळीला माणसाची सवय लावून घे, असं बाई म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही.

तीन नोव्हेंबरचं पान चालेल. वेळा नीट आहेत, पाहिलं तेवढंच लिहिलं आहे. असं पान माझ्याकडे दुसरं नाही.

छापील नोंदीत शेवटी एक रकाना असतो. कुणा माणसामुळे टोळीच्या वागण्यात फरक पडला का, आणि पडला असल्यास कुणामुळे. तीन वर्षं मी तिथं डोळे झाकून 'नाही' लिहीत आले. तुमच्या पानावर 'होय' लिहिलं. पुढं तुमचं नाव लिहायला पेन टेकवलं होतं. मग माझं लिहिलं.

काकीला नमस्कार. माया आहे तशी असू द्या.

आपली,
सौम्या