वयोमर्यादा चाळीस

३ जानेवारी, सकाळी ९.१०
फेलोशिपची जाहिरात सापडली. परदेशात एक वर्ष राहून लोकसेवा आणि आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात मास्टर्स. लोकांच्या कामाचा दहा वर्षांचा अनुभव हवा. मला पाणीखात्याच्या तक्रार खिडकीवर अकरा झाली. वय चाळीसच्या आत हवं, मी एकोणचाळीस. जाहिरात माझं माप घेऊनच शिवलेली आहे.
संकल्प: रोज पाचला उठणे. देश आणि राजधान्या पाठ करणे. ऑफिसात कमी बोलणे. मुत्सद्दी लोक कमी बोलतात.
बायकोला सांगितलं. ती फिजिओथेरपिस्ट, तिला साडेनऊला कुणाचा तरी गुडघा वाकवायला जायचं होतं. चप्पल घालता घालता "करा की" म्हणाली. पाठिंबा आहे.

४ जानेवारी
७.४० ला उठलो. पाच हा आकडा घाईत ठरला होता. आता सहा.

८ जानेवारी
सहाही जमत नाही. पण थकवा हा अनुभवाचाच पुरावा, आणि फेलोशिप अनुभवी माणसांसाठीच आहे.

११ जानेवारी, रविवार
निबंध. 'आपण दाखवलेलं नेतृत्व', आठशे शब्द. अकरा वर्षं आठवून पाहिली. खिडकीसमोरची रांग मी एकदा डावीकडून उजवीकडे वळवली होती. दोन दिवसांत लोकांनी ती परत डावीकडे नेली, कारण उजवीकडे ऊन यायचं. याला 'लोकसहभागातून धोरणाचा फेरविचार' म्हणता येईल. एकशे चाळीस शब्द झाले. पाठ धरली.

१९ जानेवारी
शिफारसपत्रं दोन हवीत. साहेब म्हणाले, तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो. स्वतःबद्दल लिहिणं फार अवघड. 'अद्वितीय' चार वेळा आलं, एक काढलं. साहेबांनी न वाचता सही केली आणि सवयीने खाली शिक्का मारला: 'चौकशी करून अहवाल सादर करावा.' नवीन प्रत काढायला हवी. पण साहेब रजेवर गेले. तसंच पाठवणार. वजनदार दिसतंय.

२७ जानेवारी
इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आला. बोलणं उत्तम. ऐकणं सर्वांत कमी. बायकोला दाखवलं. तिने तो कागद मागून घेतला आणि फ्रिजला लावला.

१ फेब्रुवारी, रविवार संध्याकाळ
दुसऱ्या शिफारसपत्रासाठी आज कॉलेजातल्या सरांकडे गेलो. राज्यशास्त्र शिकवायचे. आता ऐंशीच्या पुढे, लेकीकडे राहतात. ती शाळेत शिकवते. दार तिनेच उघडलं आणि हळूच म्हणाली, बाबांना हल्ली माणसं नीट आठवत नाहीत, मनावर घेऊ नका.
पण सरांनी मला बघितलं आणि खुर्चीतून अर्धे उठलेच. "अरे! पुरातला तू!"
आम्ही हॉस्टेलला असताना पूर आला होता. कॉलेजात छावणी उघडली, दोन-अडीचशे माणसं. एका पोराने ती एकोणीस दिवस चालवली. स्वयंपाक, औषधं, म्हाताऱ्यांना उचलून आणणं, सगळं. सरांना ते तारीखवार आठवतंय. माझा हात हातात घेऊन बोलत होते.
ते पोर म्हणजे माझा रूममेट, हडकुळ्या. मी दुसऱ्या दिवशी घरी गेलो होतो. कपडे ओले होते.
सांगणार होतो. पण इतक्या वयाच्या माणसाला चुकीचं ठरवणं बरं दिसत नाही.
सरांनी लेकीला कागद घ्यायला लावला आणि पत्र सांगितलं. मध्येच शब्द हरवायचे. ती थांबायची, लिहायची. तिने एकदा माझ्याकडे वर बघितलं. दोन तास लागले. सही सरांनी स्वतः केली. असं पत्र मला आयुष्यात कुणी लिहिलं नव्हतं. जिन्यात डोळे भरून आले.

३ फेब्रुवारी
नीट विचार केला. पहिल्या दिवशी मी बादल्या उचलल्या होत्या. दोन. छावणी ही सगळ्यांची असते. एकट्या हडकुळ्याची नव्हे. अर्ज पाठवला.

५ फेब्रुवारी
बायकोने पत्राची झेरॉक्स वाचली. उभ्या उभ्या वाचायला घेतलं होतं, मग खाली बसली. म्हणाली, "चौदा वर्षांत एकदाही बोलला नाहीत?" मी म्हटलं, अशा गोष्टी सांगायच्या नसतात.
नंतर न मागता चहा आला. तिने आईला फोन लावला आणि एकोणीस दिवस सासूबाईंपर्यंत पोचले. सासूबाई मला पहिल्यांदाच फोनवर बोलवत होत्या. मी अंघोळीला गेलो.

२६ फेब्रुवारी
मुलाखतीचं पत्र आलं! साडेसहाशे अर्जांतून तीस. ऑफिसात टाळ्या. साहेब म्हणाले, माझ्या पत्राने काम केलं.
संकल्प: मुलाखतीपर्यंत जागतिक पाणीप्रश्नावर तीन पुस्तकं. खिडकीवरच्या लोकांना पुढच्या महिन्यात यायला सांगतोय. मोठ्या कामासाठी छोटी थांबवावी लागतात.

९ मार्च
एक पुस्तक. प्रस्तावनेपर्यंत. प्रस्तावना चांगली आहे. झोप होत नाही. आमची लेक शाळेत तिच्या वर्गात पुराची गोष्ट सांगून आली. तिच्या बाईंनी विचारलंय, बाबा येऊन मुलांशी बोलतील का. बिझी आहे असं कळवलं.

१२ मार्च, दुपारी ४
मुलाखत झाली. लगेच लिहून ठेवतो.
समोर तिघं. मधल्या बाई मुख्य, राजदूत होत्या म्हणे. पाणीप्रश्नाचं कुणी नावच काढलं नाही. बाईंनी सरांचं पत्र पुढे ओढलं. म्हणाल्या, इतकी वर्षं ही पत्रं वाचतेय, असं वाचलं नव्हतं. सांगा त्या दिवसांबद्दल.
मी सांगितलं. आधी अडखळत, मग जोरात. तांदूळ कुठून आणले, ताप आलेल्या मुलांना कुठे ठेवलं. बाई मान हलवत होत्या, मलाही मी आवडायला लागलो होतो. मग त्यांनी विचारलं, "शेवटच्या दिवशी सगळे निघून गेल्यावर कसं वाटलं?"
साधा प्रश्न. काहीही चाललं असतं. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "मी नव्हतो. मी दुसऱ्या दिवशीच घरी गेलो होतो."
डावीकडच्या गृहस्थांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. बाईंनी विचारलं, मग हे कोण? म्हटलं, माझा रूममेट. आता काय करतात ते? म्हटलं, माहीत नाही. कधी विचारलं नाही. त्यांनी ते लिहून घेतलं.
एकंदरीत मुलाखत प्रामाणिक झाली. लोकसेवेत प्रामाणिकपणाला मार्क असतातच.

३० मार्च
'यंदाचे अर्ज अत्यंत दर्जेदार होते.' तीन ओळी. पुढच्या वर्षी मी चाळीस.
बायकोला निवड झाली नाही हे सांगितलं. ती म्हणाली, वेडे आहेत ते, अशा माणसाला नाही म्हणतात. तिने खांद्यावर हात ठेवला. तो हात सहन होईना. मग उरलेलंही सांगितलं.
हात काढला नाही, पण हलेनासा झाला. म्हणाली, "आता आईला मी काय सांगू?" मग म्हणाली, "सरांना सांगितलंत?"

५ एप्रिल, रविवार
गेलो. सरांच्या लेकीला दारातच सगळं सांगून टाकलं. ती शांतपणे म्हणाली, मला तेव्हाच माहीत होतं. हडकुळ्या दर रविवारी सरांना फोन करतो. गेली वीस वर्षं.
मी विचारलं, मग तेव्हा का नाही बोललात?
म्हणाली, "बाबा किती महिन्यांनी एवढं बोलत होते."
सर आतून ओरडले, कोण आलंय गं? ती म्हणाली, तुमचे विद्यार्थी. कोणता? तिने माझ्याकडे बघितलं. मी आत गेलो, समोर उभा राहिलो आणि माझं नाव सांगितलं. खरं, पूर्ण, बॅचसकट.
सरांनी चष्मा पुसला, लावला. बराच वेळ बघितलं. मनापासून प्रयत्न करत होते.
"नाही रे आठवत," म्हणाले. "पण बस."
बसलो.