बारा मीटर

१८ एप्रिल २०१६, तारकर्ली

तोंडात स्कूबाची नळी घातली आणि श्वास घ्यायचाच विसरले. तेही कमरेएवढ्या पाण्यात! शिकवणारे सर म्हणाले, "श्वास रोखायचा नाही. काहीही झालं तरी नाही." मी उदगीरची, नाक दाबून विहिरीत उड्या मारलेली. मला तेवढंच तर येतं.

गळ्यातलं काढून ठेवा म्हणाले. आम्ही लिंगायत, इष्टलिंग मी अंघोळीलाही उतरवत नाही, असं सांगितलं. शेवटी चांदीच्या डबीसकट सूटच्या आत दंडाला करकचून बांधलं. रेवणच्या गळ्यातही असंच होतं. आजोबांची डबी, झाकणाला पोचा आलेला.

१९ एप्रिल

बाकी सगळे सुट्टीची मजा करायला आलेत. मी कशाला आले ते कुणाला सांगितलं नाही, इथे लिहिते. रेवणसिद्ध, माझा धाकटा भाऊ, दीड वर्षापूर्वी नांदेडजवळ विष्णुपुरीच्या धरणात बुडाला. आठ दिवस शोधलं, सापडला नाही. मला खाली जाऊन त्याला शोधायचंय.

दिवाळीत माझ्या नांदेडच्या खोलीवर राहायला आला होता. "अक्का, चल की धरणावर." मी म्हणाले, तू जा, मला कपडे धुवायचेत. कपडे!

२० एप्रिल

मास्कमध्ये पाणी घ्यायचं आणि नाकानं फुंकून बाहेर काढायचं. तीनदा फसलं. चौथ्यांदा जमलं, पण तोवर रडून झालं होतं.

संध्याकाळी इथे सूट गोड्या पाण्यात खळबळून काढतात आणि ते पाणी वाळूत ओतून देतात. बघवत नाही. आमच्याकडे अकराव्या दिवशी नळ येतो. अप्पांचा फोन आला — "उदगीर जिल्हा करा म्हणून बैठक हाय गावात. मी गेलो न्हाई. टँकरची वाट बघायलोय." मग आई बोलली. ती अजून रेवणचं ताट वाढते. "माती दिली न्हाई, तर गेला कसा म्हणू?" दर वेळी एवढंच. आमच्यात माणसाला मातीत बसवतात, तळहातावर त्याचं लिंग ठेवून. रेवणचं काहीच झालं नाही.

२१ एप्रिल

बारा मीटर उतरले. कान दुखले, थांबत थांबत गेले. पिवळे मासे अगदी डोळ्यांसमोरून गेले. फार छान वाटलं. आणि छान वाटलं याचीच लाज वाटली.

वर आल्यावर सरांना विचारलं, धरणात खाली कितपत दिसतं? "गाळात स्वतःचा हात दिसत नाही. नवख्यानं जायचंच नाही." मग कारण सांगितलं. "आधी हा कोर्स पुरा करा. मग पुढचं शिकायला या. वर्ष तरी लागेल."

लागू दे.

२२ एप्रिल

पास झाले. पोटभर जेवले, कितीतरी दिवसांनी.

२३ एप्रिल, मालवण स्टँड

एसटीची वाट बघत होते, तेवढ्यात अप्पांचा फोन. धरणाचं पाणी पार मागं हटलंय. भेगाळलेल्या गाळात एका मेंढपाळाला हाडं दिसली, आणि एक चांदीची डबी. झाकणाला पोचा. पोलिसांनी ओळख पटवायला अप्पांना बोलावलं. अप्पा काठावरून तिथपर्यंत चालत गेले. चपलासुद्धा भिजल्या न्हाईत, म्हणाले.

मग आईनं फोन घेतला. "रेवण गेला गं, शिवगंगा. ये लवकर. माती द्यायचीय."